गोरिल्लांच्या डब्यात आईचा फोन

शनिवारी मी झूमध्ये गोरिल्लांच्या काचेपुढे उभा असतो. काम फुकटचं आणि साधं: काच वाजवणाऱ्यांना थांबवायचं. पण व्हॉलंटियरचा टी-शर्ट अंगात चढला की मला वाटतं, जगातले सगळे गोरिल्ला माझ्याच जिवावर आहेत. घराण्यातला मी पहिला ग्रॅज्युएट. चार माणसं दिसली की शिकवायला लागतो.

मोबाइलमध्ये लागणारं एक खनिज काँगोच्या जंगलात खणून काढतात आणि नेमके तिथेच गोरिल्ला राहतात. ते फोनांतून काढून पुन्हा वापरता यावं म्हणून झू जुने फोन गोळा करतं. त्यासाठीचा पुठ्ठ्याचा डबा मी इकडे परदेशात, रिचमंड हिलमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे घरटी एक पदार्थ आणायच्या जेवणाला, नेला.

डबा रिकामाच राहिला. आपली माणसं जुना फोन टाकतात होय? "भाच्याला पाठवायचाय." "डिसेंबरात नागपूरला चाललोय, सासऱ्यांना देईन." मी चिडून माइक घेतला आणि तुमच्या ड्रॉवरमध्ये एकेक जंगल पडून आहे, असलं काहीतरी बोललो.

मागून एक काकू म्हणाल्या, "अहो, तुमचा कुठाय? तो टाका ना आधी!"

हॉल हसला. माझा जुना फोन माझ्या खिशातच होता. दुसऱ्या दिवशी पुण्याला निघालेल्या मित्राकडे आईसाठी द्यायला आणला होता. तिच्या फोनची स्क्रीन खालून काळी पडलेली. व्हिडिओ कॉलवर नातीचं नुसतं कपाळ दिसायचं. हे माहीत असूनही मी हात उंच करून फोन डब्यात सोडला. टाळ्या पडल्या. बायकोने वाजवल्या नाहीत. गाडीत एवढंच म्हणाली, "आता आईंना तुम्हीच सांगा."

सकाळी आईला फोन करून सांगितलं.

"गोरिल्ला म्हंजी माकडच न्हवं?"

"माकड नाही गं. मोठा असतो, माणसासारखा."

"आन् त्याला माझा फोन दिलास? लावतोय कुणाला त्यो?"

"तसं नाही, आई. तुला नवा घेतो."

"नगं. ऱ्हाऊ दे. कपाळ दिसतंय की."

हे मात्र ती हसत म्हणाली नव्हती. मी घाईने नवा फोन ऑर्डर करायला बसलो आणि बटण दाबता दाबता थांबलो. चालता फोन मोडीत काढून नवा घ्यायचा, म्हणजे पुन्हा तेच खनिज, तेच जंगल. डिग्रीवाल्याला एवढं कळायला अख्खी सकाळ लागली.

डब्याची टेप फाडत होतो तेवढ्यात मुलगी आली. "बाबा, आर यू स्टीलिंग फ्रॉम द गोरिलाज?"

"नाही गं, आजीचा फोन आहे तो."

"देन व्हाय डिड यू गिव्ह इट टू देम?"

टेप पुरती फाडून फोन बाहेर काढला. मित्राला एअरपोर्टवर गाठून फोन दिला. शनिवारी रिकामा डबा तो देणाऱ्या झूच्या बाईंना परत करून खालमानेने सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, चालता फोन कुणी वापरत असेल तर उत्तमच. डबा बंद पडलेल्या फोनांसाठी आहे. म्हणजे भाचे आणि सासरेवाले बरोबर होते. चुकलं होतं ते एकट्या माझं भाषण.

पुढच्या रविवारी आईचा कॉल आला. मुलीने फोन तोंडासमोर धरला. आईने तिकडे मित्राने पोचवलेला फोन डोळ्यांजवळ नेला. मग ओरडली, "अगं बया! हिचा दात कधी पडला?"

मी मुलीच्या तोंडाकडे पाहिलं. पडलेल्या जागी नवा दात निम्मा वर आला होता.