परतीची खेप

नागपूरच्या कॉलेजात मराठी शिकवायला लागलो तेव्हा मला शब्दांच्या मुळाशी जायची खाज होती. भाजीवालीच्या तोंडून नवा शब्द निघाला की मी खिशातून चिठ्ठी काढायचो. बायको म्हणायची, "आधी मेथी घ्या, मग तिची व्युत्पत्ती."

त्या चिठ्ठ्यांत एक होती ‘खेप’ची. एका फेरीत वाहून नेलेला माल, किंवा ती फेरीच. मूळ संस्कृत ‘क्षेप’, म्हणजे फेकणं. हे मी मोठ्या ऐटीत बाबांना ऐकवलं. त्यांचं सगळं आयुष्य रामटेकच्या अलीकडच्या आमच्या गावाहून नागपूरला बैलगाडीने तांदूळ आणण्यात गेलेलं.

"फेकाचंच असतं तं गाडी कायले जुंपतो मी?" ते म्हणाले. "जे घेऊन निंगालो ते ठिकाणावर नेऊन उतरवाव, त्याले खेप म्हणते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा."

रिकाम्या गाडीशी मात्र त्यांचं वाकडं होतं. तांदूळ उतरवला की परतताना ते गाडीत एक काळा दगड ठेवत. गावातले सगळेच गाडीवान ठेवत. रिकामी गाडी हाकली तर वाटेत कोणीतरी चढून बसतं, असा समज होता. माणसाला दिसत नाही, पण बैलांना ओझं कळतं आणि ते तोंडाला फेस येईस्तोवर ओढत राहतात. मी यावर अर्थातच पोटभर हसून घेतलं होतं.

मग एका उन्हाळ्यात आई आजारी पडली. सन बासष्ट-त्रेसष्टचा सुमार असेल. बसचे धक्के तिला सोसणार नाहीत म्हणून बाबांनी भाताच्या तणसावर निजवून तिला गाडीतूनच नागपूरला आणलं. दवाखान्यात एका संध्याकाळी तिने माझा हात धरला. "मले इथं नको ठेवजो गा. घरी नेजो." बाबा पायथ्याशी उभे होते. मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ती गेली, आणि मी तिला घरी नेलं नाही. ऊन मरणाचं होतं, गाडीने जायला अख्खा दिवस लागला असता, ट्रकवाले मढं न्यायला तयार होईनात. कारणं सगळी खरी होती. पण त्यांच्या खाली आणखी एक होतं. मला ते सारं लवकर उरकायचं होतं. त्याच दुपारी नागपूरच्या घाटावर मी तिला अग्नी दिला आणि तिसऱ्या दिवशी अस्थी कन्हान नदीत सोडल्या. बाबांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेरवी गावी करायची होती, म्हणून चौथ्या दिवशी पहाटे आम्ही दोघं गाडीने निघालो. ती निजून आली होती ते तणस अजून तसंच होतं, मधे खळगा पडलेलं. त्या खळग्यात तो दगड ठेवलेला. मला तो बघवेना, म्हणून मी पुढे बाबांच्या शेजारी तोंड फिरवून बसलो. रिकामी गाडी सकाळभर खडखडत राहिली.

भर बारा वाजता कन्हानच्या पुलावर बाबांनी गाडी थांबवली. मागे गेले, दगड दोन्ही हातांनी उचलला आणि नदीत टाकून दिला.

"बाबा, काहून फेकला?"

"जागा करून राहिलो," ते म्हणाले. मग त्यांनी तणस हाताने सारखं केलं, टोपी काढून थोडा वेळ उभे राहिले आणि परत येऊन कासरा धरला.

पुलापलीकडचा रस्ता सपाट आहे. मी नंतर मुद्दाम जाऊन पाहून आलो आहे. पण त्या दुपारी बैलांच्या माना खाली गेल्या. खडखड थांबली आणि आसाचा दबका, लांब कण्हण्याचा आवाज सुरू झाला. भरलेल्या गाडीचा तो आवाज मी लहानपणापासून ओळखत होतो. चाकं धुळीत रुतत होती. मला मागे वळून पाहायचं होतं, पण मी पाहिलं नाही. भीती वाटली. भीतीपेक्षा लाज जास्त वाटली.

बाबांनी चाबूक उचललाच नाही. "हळू गा, हळू," ते बैलांना म्हणत होते आणि तिला आणताना चुकवला असेल तसा एकेक खड्डा चुकवत होते.

दिवेलागणीला गाडी आमच्या अंगणात शिरली. बैलांच्या तोंडाला फेस आला होता. एरवी बाबा आधी बैल सोडत. त्या दिवशी ते गाडीच्या मागे गेले आणि त्यांनी एक खांदा खाली केला. उतरताना आई नेहमी त्याच खांद्यावर हात ठेवायची.

"उतर वं," ते म्हणाले. "घर आलं."

बैलांनी दोन्ही माना एकदम वर केल्या. जू त्यांच्या मानेवर बोटभर उचललं गेलं.

मी तेव्हा दाराच्या मधोमध उभा होतो. मी बाजूला झालो आणि वाट दिली.