अक्कांची रंगीत तालीम

जयलक्ष्मीपुरममध्ये भाड्याचं घर बघायला गेलो, तेव्हा घरमालकीणबाईंनी माझ्या नवऱ्याला, मंदारला, पगार विचारला नाही, जात विचारली नाही, मटण-मासे खाता का तेही विचारलं नाही. कॉफीचा पेला पुढे सरकवत त्या म्हणाल्या, "मग, मरायचं कसं ठरवलंय तुम्ही?"

मंदारला ठसका लागला. आम्ही सांगलीहून नुकतेच म्हैसूरला आलो होतो, त्याला हूटगळ्ळीच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून. त्याला वाटलं, बाईंचं मराठी जरा कच्चं असावं, त्यांना ‘राहायचं’ म्हणायचं असेल. तो आपला म्हणाला, "दोन-तीन वर्षं तरी काढू म्हणतोय."

"शाबास! इतकं नक्की सांगणारा पहिलाच माणूस भेटला," असं म्हणून इंदूअक्कांनी वरच्या मजल्याची किल्ली आमच्या हातात ठेवली.

अक्कांचं घराणं कित्येक पिढ्या म्हैसुरातच मुरलेलं. घरात बोलायचे मराठीच, पण वाक्य मराठीत निघून कुठे कानडीत पोचेल याचा नेम नसायचा. मुलींच्या शाळेत त्या खेळाच्या बाई होत्या. पंचाहत्तरी उलटली तरी आवाज मैदानाचाच होता आणि शिट्टी फ्रिजवर टांगलेली असायची. दूधवाल्याने दूध उशिरा आणलं, की गॅलरीतून शिट्टी. मला त्या नावाने कधी हाक मारत नसत. मी त्यांची ‘सांगलीबाई’.

मरणाचा तो प्रश्न मात्र त्या सगळ्यांना विचारायच्या. विमा एजंटाला विचारला, तेव्हापासून तो रस्ता बदलून जायला लागला. एका बारशाला त्यांनी तो बाळाच्या आजोबांना विचारला आणि बायका "शुभ बोला हो अक्का!" म्हणून अंगावर धावल्या. अक्का शांतपणे पेढा खात म्हणाल्या, "अय्यो! मरण म्हटलं की मरण येतं होय? मग दिवसभर लॉटरी, लॉटरी म्हणत बसा की."

या खोडकरपणाच्या तळाशी काय होतं, ते एकदाच कळलं. हिवाळ्यात आम्ही दोघी अंगणात अवरेच्या, म्हणजे पावट्यासारख्या, शेंगा सोलत बसलो होतो. अक्कांचे यजमान जाण्याआधी अतिदक्षता विभागात बरेच दिवस मशीनवर होते, एवढं मला ऐकून माहीत होतं. अक्का अचानक म्हणाल्या, "हात बांधले होते गं त्यांचे. नळी ओढू नये म्हणून. डोळ्यांनी काहीतरी सांगत होते मला. काय हवंय ते मला कळलंच नाही. विचारलंच नव्हतं ना कधी. जन्मभर विचारलं काय, तर सारात मीठ बरोबर आहे का."

मी काही बोलायच्या आत त्यांनी एक शेंग माझ्या नाकावर मारली. "साकु! पुरे. शेंगा सोल."

आपल्या बाबतीत असं होऊ नये म्हणून त्यांनी कागद करायचं ठरवलं. आपण बोलू शकत नसलो आणि बरं व्हायची आशा नसली, तर कुठले उपचार करू नयेत, हे आधीच साक्षीदारांसमोर लिहून ठेवता येतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आपल्या वतीने डॉक्टरांशी कोणी बोलायचं, तेही त्यात लिहायचं असतं. अक्कांनी दोन नावं घातली. एक राघू, त्यांचा टोरांटोतला एकुलता एक मुलगा, आणि दुसरी मी.

"मी कशाला? राघूदादा आहेत की," मी घाबरून म्हटलं.

"राघू फार माया करतो माझ्यावर. असल्या माणसाच्या एकट्याच्या हातात मला देऊ नये. तुझी माया बेताची आहे. चालेल."

हिनकलच्या रस्त्यावर एक नोटरी बसायचे. घशात नळी नको, मशीन नको, डायलिसिस नको, दुखणं थांबवायचं औषध मात्र हात सैल सोडून द्या, असं सगळं वाचत ते शेवटच्या ओळीवर अडले. ओठ कोरडे पडल्यास कापसाने फिल्टर कॉफी लावावी.

"अम्मा, कॉफी कायद्यात बसत नाही," ते कानडीत म्हणाले.

"कायद्याच्या विरुद्ध आहे का?"

"तसं नाही..."

"मग मारा शिक्का."

कागद झाला, पण राघूदादांना तो विषयच नको होता. अम्माने फोनवर मरण काढलं, की त्यांचं नेटवर्क जायचं. म्हणून एका रविवारी अक्कांनी रंगीत तालीम ठेवली. राघूदादांना वाढदिवसाचं काहीतरी सांगून व्हिडिओ कॉलवर बसवलं, मंदारला डॉक्टर केलं आणि स्वतः सोफ्यावर डोळे मिटून आडव्या झाल्या.

मंदार जरा जास्तच रंगात आला. गंभीर चेहरा करून म्हणाला, "हे बघा, आशा फारशी नाही. पण नळी घालून बघू. एक चान्स घेऊ या?"

मी फोनमधल्या राघूदादांकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. माझ्या तोंडून निघून गेलं, "बरं, घ्या."

शिट्टी वाजली. पेशंट ताडकन उठून बसला. "घात केलास, सांगलीबाई! आता मी मरतच नाही की गं!"

राघूदादा हसायला लागले आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग अक्का शिट्टी मुठीत धरून आम्हा दोघांना म्हणाल्या, "डॉक्टरशी वाद घालू नका. एकच विचारायचं. ही पुन्हा आमच्याशी भांडेल का? भांडेल म्हणाले, तर हव्या तेवढ्या नळ्या घाला, मी सोसीन. नाही म्हणाले, तर घरी आणा. आयतु? कळलं?"

त्यानंतर वर्षभराने अक्का सकाळी अंगणात झाडं शिंपताना कोसळल्या. मेंदूत मोठा रक्तस्राव झाला होता. मी कागद घेऊन हॉस्पिटलात गेले. श्वास त्या स्वतःच घेत होत्या, म्हणून राघूदादा विमानाने येईपर्यंत डॉक्टर थांबल्या. ते आले, आईच्या उशाशी उभे राहिले आणि पहिलंच वाक्य बोलले, "जे करता येईल ते सगळं करा."

डॉक्टर तरुण होत्या. म्हणाल्या, "श्वास मंदावतोय. आईंनी नळी नको लिहिलंय. पण तुम्ही दोघं काय ठरवता, ते मला ऐकायचंय."

मी तालमीत पडले होते, आता खऱ्या प्रयोगातही पडणार अशी खात्रीच झाली. राघूदादांनी आईचं पांघरूण सारखं केलं. मग त्यांनी कानडीत विचारलं, "मत्ते जगळ आडतारा?" पुन्हा भांडेल का ती?

डॉक्टरांना आधी काही उमगलं नाही. मी समजावून सांगितलं. मान खाली घालून त्या म्हणाल्या, "इल्ला." नाही.

"मग घरी नेतो," राघूदादा म्हणाले.

नियमाप्रमाणे हॉस्पिटलच्या डॉक्टरांची एक समिती बसली, मग दुसरी. दोन्हींनी होकार दिला आणि आम्ही अक्कांना घरी आणलं. वेदना होऊ नयेत म्हणून एक नर्स येऊन औषध देऊन जायची. खिडकी उघडी असायची. शेजारचा मिक्सर, भाजीवाल्याची आरोळी, सगळं आत यायचं. राघूदादा कापसाचा बोळा कॉफीत बुडवून त्यांच्या ओठांना लावायचे आणि टोरांटोतल्या सगळ्या तक्रारी त्यांना सांगत बसायचे. उलट उत्तर येत नाही हे बघून तक्रारी वाढतच चालल्या होत्या.

एका दुपारी ते आईची नखं कापत होते. मी दाराशी कपड्यांच्या घड्या घालत होते. एक बोट त्यांच्या हातात थोडंसं थरथरलं.

"हलू नको, अम्मा," ते दटावून म्हणाले.

आणि आयुष्यात पहिल्यांदा अक्कांनी त्यांचं ऐकलं.

राघूदादांना कळलं होतं. पण उरलेल्या बोटांची नखं त्यांनी सावकाश, नीट कापली, हात पांघरुणावर ठेवला, आणि मग मला हाक मारली.