काट्याचा मीटर

दुकानदाराने काउंटरवर दोन मल्टिमीटर ठेवले. एक आकडे दाखवणारा, दुसरा काट्याचा. "जुन्या गाडीचं इग्निशन तपासायचंय ना? मग काट्याचाच घ्या. पॉइंट उघडले-मिटले की काटा हलताना दिसतो." मग त्याने मीटरच्या वायरींची लाल आणि काळी टोकं एकमेकांना टेकवली. काटा झपकन शून्यावर गेला. "गाडीला लावायच्या आधी एवढं करायचं. मीटर खरं बोलतोय का, ते कळतं."

बाबा परवा दवाखान्यातून घरी येणार आहेत. येईन तर माझ्याच गाडीतून, असं त्यांनी बजावलंय. गाडी महिनाभर सुरूच होत नाहीये, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. रिपोर्टमध्ये काय आलंय, तेही नाही.

आकड्यांचा मीटर मला नकोच होता. आकडा एकदम तोंडावर येऊन आदळतो. काटा निदान उठतो, थरथरतो, सावरायला क्षणभर वेळ मिळतो. डॉक्टरही त्या दिवशी बोलण्याआधी बराच वेळ चष्मा पुसत बसले होते.

घरी येऊन बॉनेट उघडलं. आईने खिडकीतून विचारलं, "कळलं का रे, काय झालंय?"

"अजून मीटरच तपासतोय," मी म्हणालो, आणि ती दोन टोकं पाचव्यांदा एकमेकांना टेकवली.