पाया पड की

"हिला काळं लावू नका. हिला देवानंच लावून पाठवलंय."

सर मेकअपवाल्याला म्हणाले. कॉलेजच्या गॅदरिंगचा दिवस होता, एका वर्गाचीच ग्रीनरूम केली होती. बेंचवर काळ्या रंगाचा डबा उघडा होता. मेकअपवाल्याचा ब्रश माझ्या गालापर्यंत आला आणि तिथंच थांबला. सगळे हसले. मीही हसले. तेव्हा मला दुसरं काही करता येत नव्हतं.

नाटक अमेरिकेतल्या गुलामगिरीवर होतं. सर आम्हाला इतिहास शिकवायचे, नाटकही त्यांनीच लिहिलेलं. गुलाम चौघं होतो, आणि चौघंही आमच्याच वस्तीतले, नाहीतर तसल्याच दुसऱ्या वस्तीतले. आम्ही बौद्ध. आमच्या जातीचं जुनं नाव सरांना आमच्यापेक्षा चांगलं पाठ होतं. मळ्याचा मालक, त्याची बायको, सैनिक, ही सगळी मोठ्या घरची पोरं. आणि गुलामांना सोडवणारा राष्ट्राध्यक्ष झाला होता आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचा नातू. नाटकातसुद्धा अध्यक्षपद घरातच ठेवलं होतं.

माझ्या गळ्यात घालायची साखळी त्या नातवानंच आणली, त्यांच्या गोठ्यातून. म्हशीची. कड्यांना शेण वाळलेलं होतं. पहिल्या तालमीला त्यानं ती माझ्या गळ्यात अडकवली तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "हंबर की!" घरी येऊन मी मान साबणानं घासघासून धुतली. वास काही गेला नाही.

शेवटचा प्रसंग असा. राष्ट्राध्यक्ष साखळी सोडतो आणि म्हणतो, "जा, आजपासून तू मुक्त आहेस." मी त्याच्या पायावर डोकं ठेवायचं. पडदा. मला वाक्य एकही नव्हतं. सरांनी मोबाईलवर कुठल्याशा पुतळ्याचा फोटो दाखवला. नेता ताठ उभा, आणि सुटलेला गुलाम त्याच्या पायाशी गुडघ्यावर. "अस्संच पाहिजे मला," सर म्हणाले.

मला ते पटेना. मी ग्रंथालयातून अमेरिकेच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक घरी आणलं. त्यात मळ्यावरून पळून गेलेले गुलाम होते. चोरून अक्षरं शिकलेले होते, त्यापायी फटके खाल्लेले होते. हातात बंदूक घेऊन स्वतःच्या सुटकेसाठी लढलेले होते. नुसतं कुणाच्या पायावर पडून ते सुटले नव्हते. आणि सुटल्यावर तरी काय? जमीन जुन्याच मालकाची. शाळा वेगळी. बसायची जागा वेगळी. पाण्याचा नळ वेगळा. मत द्यायला गेलं तर मार. त्यांच्या नातवंडा-पतवंडांना परत रस्त्यावर उतरावं लागलं. माझ्या आजीच्या ओंजळीत गावातल्या बायका वरून पाणी ओतायच्या, तेही लांब राहून. अमेरिका समजायला मला शिकवणी लागली नाही.

मी सरांना हे सांगितलं. सर म्हणाले, "अगं बाई, आपल्याला पीएचडी करायची नाही. अध्यक्षसाहेब पहिल्या रांगेत असणार. पाया पडायचं, टाळी घ्यायची, विषय संपला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुझ्या वडिलांची ऑर्डर अजून सहीला आहे ना?"

माझे वडील, अण्णा, त्याच संस्थेच्या ऑफिसात शिपाई. मला आठवतंय तेव्हापासून रोजंदारीवर. त्या वर्षी कायम करणार होते. ऑर्डर टाईप होऊन अध्यक्षांच्या टेबलावर पडली होती, सही तेवढी राहिली होती. हत्ती गेला होता आणि शेपूट अडकलं होतं.

घरी मी म्हणाले, मला हे काम करायचं नाही. आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "ऑर्डर निघू दे. मग हवं तेवढं ताठ चाल."

अण्णा म्हणाले, "वाकल्यानं कणा मोडत न्हाई, पोरी. मी रोज वाकतोय. मोडला काय?"

नाही म्हणावं तर घर बुडतं, हो म्हणावं तर मी. रात्रभर त्याच दोन भिंतींवर डोकं आपटत होते.

नाटकाला हॉल गच्च भरला होता. पहिल्या रांगेत फेटेवाले पाहुणे, मधोमध अध्यक्ष. अण्णा पाण्याचा ट्रे घेऊन भिंतीला उभे. नातवानं पुठ्ठ्याची उंच टोपी घातली होती, दाढी चिकटवली होती. त्यानं साखळी सोडली. म्हणाला, "जा, आजपासून तू मुक्त आहेस."

मी ठरवलं काहीच नव्हतं. वाकायची वेळ आली आणि वाकले नाही. बस्स.

तो थांबला. मग दात न उघडता पुटपुटला, "पड की." मी त्याच्याकडं बघत उभी. "ए, पाया पड की ग!"

त्याच्या कॉलरला माईक होता. सगळ्या हॉलनं ऐकलं. मागची पोरं खदाखदा हसली, पुढची रांग हसली नाही. सरांनी पडदा ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी अण्णांना आणि मला अध्यक्षांच्या बंगल्यावर बोलावलं. अण्णांनी चपला फाटकाबाहेरच काढल्या. आत अध्यक्ष चहा पीत होते, शेजारी सर, आणि सोफ्यावर हाफ पँट घालून मोबाईल बघत नातू. अध्यक्ष चिडले नाहीत. गोड आवाजात म्हणाले, "पोरगी हाय, चुकली. माफी मागू दे, मिटवून टाकू."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं, परत बघितलं. मग खाली बसले आणि अध्यक्षांच्या पायाकडं हात नेले.

"माझ्या न्हवं रे," अध्यक्ष म्हणाले. "त्याच्या. अपमान त्याचा झालाय."

माझा बाप गुडघ्यांवर सरकत त्या माझ्या वयाच्या पोराकडं गेला. पोरानं दचकून पाय वर, सोफ्यावर घेतले. आजोबांनी नुसतं त्याच्याकडं बघितलं. त्यानं पाय परत खाली ठेवले. अण्णांनी त्यावर कपाळ टेकलं.

"अण्णा, उठा," मी म्हणाले. ते उठले नाहीत. अध्यक्ष "ऊठ" म्हणाले तेव्हा उठले.

परत येताना मोटारसायकलवर मी मागं बसले होते. अण्णा पुढं बघूनच म्हणाले, "मी पडलो, तू न्हाई पडलीस. तुझी मान ताठ ऱ्हायली न्हवं? झालं की मग." त्यांना वाटत होतं त्यांनी मला वाचवलं. मला त्यांच्या पाठीवर डोकं ठेवून रडावंसं वाटत होतं आणि त्याच पाठीत बुक्की घालावीशीही वाटत होती. मी दोन्ही केलं नाही.

सोमवारी वर्गात सरांनी जाहीर केलं, "तिनं माफी मागितली आहे. अध्यक्षसाहेबांनी मोठ्या मनानं माफ केलंय. टाळ्या!" वर्गानं टाळ्या वाजवल्या.

मी उभी राहिले. "सर, मी माफी मागितल्याली न्हाई. माझ्या बापाला मागायला लावलीसा. मी मागणार न्हाई."

ऑर्डरवर सही झाली नाही. पुढच्या महिन्यात अण्णांना कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. आई म्हणाली, "बापाच्या पोटावर पाय दिलास." दिला. मी नाही म्हणत नाही. अण्णा आता एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत जातात. या वयात, भट्टीपुढं. मी तेच कॉलेज करते, कारण दुसरीकडं भरायला फी नाही. सरांच्याच तासाला बसते.

परवा संस्थेतला एक क्लार्क घरी आला. चहा पिऊन म्हणाला, "साहेब अजून म्हणत्यात, पोरीनं एकदा येऊन पाया पडावं. बापाला उद्या घेतो कामावर." अण्णांचा उजवा हात त्या आठवड्यात भाजला होता, फडकं गुंडाळलेलं होतं. ते मला जा म्हणाले नाहीत. जाऊ नको असंही म्हणाले नाहीत. तो गेल्यावर दारात चपला घालायला लागले.

मी दारात आडवी उभी राहिले.

"तुमचा हात भाजला, त्यो दोष माझ्यावर घाला. मी घेणार. जन्मभर घेणार. पण माझ्या नावानं कुणाच्या पायाला हात लावायचा न्हाई, अण्णा. आज न्हाई, उद्या न्हाई. मी मेल्यावर पण न्हाई."