सासऱ्यांनी सोडलेली स्ट्रॉबेरी

माझ्या सासऱ्यांनी काशीला जाऊन स्ट्रॉबेरी सोडली. हे मी माहेरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझा भाऊ इतका हसला की त्याला ठसका लागला. आमच्या घरी मात्र यावर हसायची सोय नाही. तो त्यागाचा विषय आहे.

काशीला गेलं की आपल्या आवडीचं एखादं फळ किंवा भाजी कायमची सोडायची, ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे. ती कशी पाळायची हेही सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या आळीतली निम्मी मंडळी पडवळ सोडून आली आहेत आणि उरलेली कारलं. शेजारच्या काकांनी दुधी सोडला, तर दुधीहलवा त्यात धरायचा की नाही यावर त्यांच्याकडे अजून वाद चालू आहे. काकांचं म्हणणं, हलव्यात दुधी उरतोच कुठे, तो तर गोडाचा पदार्थ झाला.

आम्ही चौघं गेलो होतो. सासरे, सासूबाई, नवरा आणि मी. घाटावर गुरुजींनी विचारलं, "यजमान काय सोडणार?" सासऱ्यांनी डोळे मिटले. आता आमची रत्नागिरीला हापूसची बाग. मोसमात सासरे जेवताना आंबा खातात, जेवण झाल्यावर आंबा खातात आणि झोपायच्या आधी 'हा काही उद्यापर्यंत टिकायचा नाही' म्हणून आणखी एक खातात. हा माणूस काय सोडतोय ते ऐकायला मी कान टवकारले. सासऱ्यांनी डोळे उघडले आणि अगदी भरल्या आवाजात म्हणाले, "स्ट्रॉबेरी."

गुरुजींनाही जरा शंका आली असावी. "आवडीची आहे ना?"

"अतोनात!"

कसली डोंबलाची अतोनात! या गृहस्थांनी तोवर स्ट्रॉबेरी फक्त आइस्क्रीमच्या कपावर छापलेली बघितली होती. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो गंगेकडे बघत होता. अवघड प्रसंग आला की तो जवळ जे पाणी असेल त्याच्याकडे बघतो.

"आणि बाई काय सोडणार?" गुरुजी म्हणाले. सासूबाईंनी तोंड उघडलं. त्यांना काय म्हणायचं होतं ते कोणाला कळलंच नाही, कारण त्याआधीच सासरे म्हणाले, "हिचा आंबा." सासूबाईंच्या ओंजळीत पळीभर पाणी पडलं आणि ते गंगेत गेलंसुद्धा. त्यांचं तोंड तसंच अर्धवट उघडं राहिलेलं मला अजून आठवतं.

परतीच्या गाडीत मला राहवेना म्हणून मी विचारलंच. सासरे म्हणाले, "अगो, बागाईतदाराच्या घरात कोणी एकाने तरी आंबा सोडायला नको? देवाला दिसायला नको?" कोणी एकाने! आणि तो एक कोण, हे ठरवायला यांना पापणी लवण्याएवढासुद्धा वेळ लागला नाही.

तेव्हापासून कित्येक मोसम गेले. आमच्याकडे माजघरालगतच्या खोलीत आढी घालतात, म्हणजे पेंढा पसरून त्यात आंबे पिकायला ठेवतात. ती आढी सासूबाईंची. खोलीच्या दारातूनच वास घेऊन त्या सांगतात, खालच्या थरातले झाले, वरच्यांना अजून वेळ आहे. आंबा हातात घेऊन देठाजवळ अंगठा ठेवतात आणि कोणाला कुठला द्यायचा ते ठरवतात. घरातल्या सगळ्यांच्या पानात आंबा पडतो. मग त्या हात धुतात, पदराला पुसतात आणि आपला ताकभात कालवतात. मला ते बघवायचं नाही. एकदा मी दार लोटून घेऊन म्हटलं, "आई, एक फोड खा. कोण बघतंय?"

"मी बघत्ये ना," त्या म्हणाल्या.

आणि इकडे सासऱ्यांचा त्याग! कोणी हेदवीच्या गणपतीला जाताना वाटेत आमच्याकडे चहाला टेकलं की चहाबरोबर स्ट्रॉबेरी सुरू. "फार जड गेलं हो सुरुवातीला. पण एकदा सोडली म्हणजे सोडली." पाहुणे बिचारे माना डोलवायचे. एका वर्षी मोहोर उत्तम टिकला, तर त्याचंही श्रेय स्ट्रॉबेरीला. सासूबाईंच्या आंब्याला श्रेय देताना मी त्यांना एकदाही ऐकलं नाही.

यंदा मार्चमध्ये नवरा पहिल्या पेट्या घेऊन पुण्याला निघाला, तेव्हा मी त्याला बजावलं की येताना महाबळेश्वरवरून ये आणि स्ट्रॉबेरी घेऊन ये. मी मोबाइलवर एका व्हिडिओत एक गोडाचं सॅलड बघून ठेवलं होतं. खाली स्ट्रॉबेरी आणि क्रीम, वर कुरकुरीत थर. सासऱ्यांना जळवायचं नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण खरं सांगायचं तर मला सासूबाईंना एकदा काहीतरी असं खाऊ घालायचं होतं, की जे कोणी त्यांना गंगेत सोडायला लावलेलं नव्हतं. हापूस नाही तर नाही, घाटमाथ्यावरचं का होईना, एक फळ त्यांनी पोटभर खावं एवढीच माझी इच्छा होती.

स्ट्रॉबेरी आली, पण आमच्या हायवेवरून आली. संगमेश्वर येईपर्यंत तळच्या थराचा जॅम झाला होता. वरच्या धडधाकट होत्या त्या मी धुऊन, पुसून, देठं काढून चिरल्या. साखर भुरभुरून ठेवल्या. जॅम झालेल्याही टाकल्या नाहीत, चमच्याने ठेचून त्यातच ढकलल्या.

व्हिडिओतल्या बाईकडे क्रीम चीज होतं. तिच्याकडे सगळंच होतं. ओटा एवढा लांब की त्यावर आमची अख्खी पंगत बसेल, आणि त्यावर एक डाग म्हणून नाही. मी आदल्या रात्री दही फडक्यात बांधून टांगलं होतं, त्याचा छान घट्ट चक्का झाला. पाकिटातलं क्रीम आणलं, पण आमच्या मार्चमधल्या उकाड्यात क्रीम कसलं फुगतंय! पातेल्याखाली बर्फ ठेवला आणि हात भरून येईपर्यंत घुसळलं. मग चक्का, पिठीसाखर आणि ते क्रीम हलक्या हाताने एकत्र केलं.

वरच्या थराला त्या बाईने खारट बिस्किटं घेतली होती. मी बेकरीतून खारी आणली, हाताने चुरली, लोण्यावर टाकली, साखर घातली आणि आमच्याच बागेतल्या काजूचे तुकडे घालून लालसर होईपर्यंत परतली. खारट, गोड आणि कुरकुरीत. हा थर आयत्या वेळी पसरायचा असतो, नाही तर खाली ओल सुटून त्याचा लगदा होतो. म्हणून ते ताट मी खिडकीत गार करायला ठेवलं.

तिथूनच सगळं सुरू झालं. सासरे पाणी प्यायला आले आणि जाताना ताटातली चिमूट तोंडात टाकून गेले. परत आले. परत चिमूट. मी बघतेय म्हटल्यावर म्हणाले, "हे काय, खारी आणि काजू. यात कुठे स्ट्रॉबेरी आहे?" तिसऱ्या खेपेला चिमटीची मूठ झाली होती.

दुपारी जेवणं झाली. मी तीन वाट्या भरल्या, वर खारीचा थर पसरला. सासऱ्यांसमोर रिकामी वाटी ठेवली. त्याग म्हणजे त्याग! सासूबाईंनी पहिला चमचा घेतला, जिभेवर घोळवला आणि म्हणाल्या, "आंबट आहे जरा. पण बरं लागतंय." माझा जीव भांड्यात पडला.

"मला नुसतं क्रीम दे बघू," सासरे म्हणाले. "क्रीमला काय होतंय?"

मी कडेचं पांढरं क्रीम दिलं. ते संपलं. मग म्हणाले, "ते गुलाबी झालंय ना, तेही चालेल. रंग लागलाय नुसता." गुलाबी दिलं. तेही चाटूनपुसून संपलं. वाटीच्या तळाशी चमचा खरवडल्याचा आवाज बराच वेळ येत होता. मग त्यांनी घसा साफ केला.

"कसं आहे, मी जी सोडली ती स्ट्रॉबेरी म्हणजे फळ. इथे त्याला साखर लागली, दही लागलं, वर खारी पडली. आता ते फळ राहिलं कुठे? हा पदार्थ झाला."

काकांचा दुधीहलवा आमच्या घरात शिरला तो असा. मी म्हटलं, "मग आमरसही पदार्थच की, बाबा. त्यातही साखर पडते. आजपासून आईंना वाढते."

नवऱ्याने पाण्याचा तांब्या उचलला आणि आत डोकावून बघू लागला.

"आंब्याचं वेगळं," सासरे म्हणाले.

"कसं वेगळं?"

"तिचं ते व्रत आहे!"

"आणि तुमचं काय आहे?"

चिडून काही बोलावं, तर डोळे वाटीवरून हलेनात. मला त्यांचा असा संताप आला होता की मी आणखी चार शब्द ऐकवले असते. पण सासूबाईंनी आपली अर्धी उरलेली वाटी त्यांच्याकडे सरकवली. "खा हो," त्या म्हणाल्या. "जीव अडकलाय तुमचा त्यात."

सासऱ्यांनी एकदा आमच्या तोंडांकडे बघितलं आणि खाल्ली. पहिली फोड खाताना त्यांनी डोळे मिटले, अगदी घाटावर मिटले होते तसे. मग दुसरी, मग तिसरी.

"आवडली?" सासूबाईंनी विचारलं.

"अतोनात गो!" आणि या वेळी ते खरं बोलत होते.

"हां. मग आता सोडा."

सासऱ्यांचा चमचा वाटीतच राहिला. सासूबाई उठल्या, आढीच्या खोलीत गेल्या. पेंढा सरकवल्याचा आवाज आला. नेहमीप्रमाणे चांगला माल पेट्यांत भरून गेला होता आणि घरासाठी डागी, बारके तेवढे उरले होते. त्यातला एक घेऊन त्या परत आल्या, धुतला आणि पाटावर बसून देठाकडून सोलायला लागल्या. फोडीबिडी काही केल्या नाहीत. सरळ दात लावले. रस मनगटावरून कोपरापर्यंत गेला तरी त्यांनी पुसला नाही.

"अगो, अगो!" सासरे ओरडले. "काशीला सोडलायस तू तो!"

"मी कुठे सोडला? तुम्ही सोडलात. माझं तोंड उघडलेलं होतं, त्यातून शब्द यायचा होता."

सासऱ्यांनी नवऱ्याकडे बघितलं. नवरा तांब्यात. मग माझ्याकडे बघितलं. मी वाटी चाटत होते.  

सासूबाई बाठा चोखत होत्या. मला इतका आनंद झाला होता की हसू आवरेना. इतकी वर्षं मनात असलेला प्रश्न मी तेव्हा विचारून टाकला. "आई, घाटावर तुम्ही काय म्हणणार होतात? पडवळ ना?"

त्यांनी बाठा अगदी पांढरा होईपर्यंत चोखला आणि ताटात ठेवला.

"आंबाच म्हणणार होत्ये," त्या म्हणाल्या. "पण माझी मी म्हणणार होत्ये."