लाभ, दोन, तीन

शेवंती राऊळ कोणावर विश्वास ठेवत नाही. चहावाल्यावर नाही, वजनकाट्यावर नाही, माझ्यावर तर नाहीच नाही. गोडाऊनला कुलूप लावलं की हिसडा देऊन बघते, रस्ता ओलांडते, परत येते आणि पुन्हा हिसडा देते. मी म्हणतो, "अगं शेवंते, चावी तुझ्याच कमरेला आहे. कुलूप उघडणार कोण?" ती म्हणते, "तू आसस ना हंय, मेल्या!"

मी लेस्टर डिमेलो. राहतो मरोळ गावठाणात, नोकरी घाटकोपरला, चंद्रप्रकाश शेटच्या मसाल्याच्या गोडाऊनमध्ये. जिरं, धणे, मिरची, हळद असा माल ट्रकने गोण्या भरून येतो, आम्ही निवडून, छोट्या पिशव्या भरून दुकानांना आणि हॉटेलांना पाठवतो. येणारा माल शेवंतीच्या ताब्यात, जाणारा माझ्या. त्यामुळे इतकी वर्षं आम्ही एकमेकांवर संशय घेत सुखाने नांदलो.

तिचा बाप गिरणीत होता. गिरणी गेली तेव्हा मालकाची माणसं काय काय बोलली आणि प्रत्यक्षात काय झालं, हे तिने लहानपणी घरात बसून ऐकलंय. तेव्हापासून गोड बोलणारा माणूस दिसला की ती पदर खोचते. कांजूरमार्गला राहते. वारा फिरला की डम्पिंगच्या कचऱ्याचा वास थेट स्वयंपाकघरात, त्यामुळे दूध हुंगल्याशिवाय गॅसवर ठेवत नाही. नवरा धाकू बिचारा साधा माणूस. बाजारातून आला की विचारायच्या आधीच पिशवी उलटी करून दाखवतो.

पण माल मोजावा तर शेवंतीनेच. ट्रक लागला की दारात उभी राहणार. हमालाच्या पाठीवरची पहिली गोण आली की तिला हात लावून तो हात कपाळाला, आणि मग आरोळी. लाभ, दोन, तीन, चार! समोरच्या फरसाणवाल्याला आमचा माल किती आला ते आमच्या आधी कळायचं. शेवटी एक आकडा ओरडायची, तो आम्ही लिहून घ्यायचो, विषय संपला.

मग शेटच्या डोक्यात सॉफ्टवेअर आलं.

खोटं कशाला बोलू, आमचा कारभार म्हणजे नुसता गोंधळ होता. वरच्या ऑफिसात बसलेला माणूस हॉटेलवाल्याला फोनवर "जिरं आहे, पाठवतो" म्हणायचा, आणि खाली गोडाऊनमध्ये जिऱ्याचा दाणा नसायचा. शिव्या खायचो मी. मागच्या भिंतीला लागलेली मिरची तशीच राहायची, पुढची नवी आधी जायची, आणि जुनीला जाळ्या धरल्या की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे. बिल एक म्हणायचं, गाडी दुसरं न्यायची. तेव्हा शेटने ईआरपी आणायचं ठरवलं. म्हणजे खरेदी, गोडाऊन, ऑर्डर, बिल, गाडी, सगळं एकाच ठिकाणी. खाली गोण आली की वर दिसली पाहिजे. ते बसवायला आणि सांभाळायला जान्हवी नावाची मुलगी ठेवली. मुलुंडची, इंग्लिश मीडियमची, हुशार, नम्र, सारखं "अंकल, मावशी". इतकी नम्र की मला पहिल्या दिवशीच शंका आली.

"शेवंते, ही मुलगी आपल्याला घरी बसवायला आणलीय."

"माका काय सांगतंस? मशिनीत डोळो बसवलाहा शेटान. आपण हसलो तरी वर दिसतला."

तिने त्या ईआरपीचं नाव 'इरपी' ठेवलं, जशी कोणी नवी भाडेकरीण आलीय चाळीत. इरपी काय म्हणते, इरपी कोणाची चुगली करते. जान्हवी टॅबलेट घेऊन दाराशी बसली की ही तिच्याकडे पाठ करून उभी राहायची.

शेटने नवा नियम काढला. आता तोंडी आकडा नाही. शेवंतीने एकेक गोण मोजायची, तिचा आवाज आला की जान्हवीने बटण दाबायचं, आणि शेवटी स्क्रीनवर जे येईल ते खरं. "तुम्ही बोलता, ती दाबते, झगडा खतम," शेट म्हणाले. शेवंतीला ते झोंबलं. इतकी वर्षं तिच्या तोंडचा आकडा म्हणजे आकडा, आणि आता कोणी विचारेना.

आणि साला, चालायला लागलं की ते! पहिल्या काही महिन्यांतच हॉटेलवाल्यांचे फोन कमी झाले. आधी आलेला माल आधी बाहेर काढा, असं ते सॉफ्टवेअर स्वतःच सांगायचं. हळद संपत आली की शेटच्या मोबाइलवर आधीच निरोप. माझी गाडी निघाली की तिकडे बिल तयार. मी दुपारचा डबा गरम असताना खायला लागलो, नोकरीत पहिल्यांदाच. झकास चाललंय म्हणायची माझी तयारी होत होती. तेवढ्यात वाट लागली.

माल पाठवणारे व्यापारी बोंब मारायला लागले. आम्ही पुरा माल पाठवतो, तुम्ही एक गोण कमी का दाखवता? आधी एक जण, मग दुसरा, मग सगळेच. शेटने जान्हवीला बसवलं, तिने सॉफ्टवेअरमधून सगळे ट्रक काढले. प्रत्येक ट्रकमागे एक गोण कमी. धणे असो, जिरं असो, एकच.

शेटने शेवंतीला वर बोलावलं. मीही मागोमाग गेलो, कारण तिला एकटीला वर जाऊ देण्यात मला धोका वाटला.

"शेवंतीबाई, माल पुरा येतो का?"

"पुरो येता. मी स्वतः मोजतंय."

"नक्की?"

"हात लावून मोजतंय, शेटनु!"

"मग गोडाऊनमध्ये एक कमी कशी चढते?"

आता बघा, ती खरं बोलली तिथेच अडकली. माल पुरा आला म्हणतेस आणि नोंदीत एक कमी, म्हणजे दारातून आत येताना एक गोण गेली कुठे? गोडाऊन मोजून बघावं तर जुना माल सुरुवातीला नुसता अंदाजाने चढवलेला, त्यामुळे मोजूनही काही सिद्ध झालं नसतं. वर जान्हवीने आणखी एक गोष्ट दाखवली. शिमग्याला शेवंती गावी गेली होती, तेव्हा तिच्या जागी मी मोजत होतो. त्या सगळ्या ट्रकांत एकही गोण कमी नाही.

शेटने चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाले, "शनिवारी मिरचीचा ट्रक येतोय. मी स्वतः खाली उभा राहीन. त्यातही कमी आली, तर चावी माझ्याकडे द्या आणि घरी बसा. पोलिसांत मी जाणार नाही, इतक्या वर्षांची ओळख आहे."

ओळख म्हणे! जिना उतरताना शेवंतीचा हात कमरेच्या चावीवर होता. मला वाटलं शिव्या घालेल, मशीन फोडेल, निदान माझ्यावर तरी ओरडेल. ती एवढंच म्हणाली, "धाकूक काय सांगू, लेस्टर? चाळीत तोंड कसा दाखवू?" मला रडू फुटायचंच बाकी होतं. लोकांच्या पिशव्या तपासणारी बाई ही, आता लोक तिची पिशवी तपासणार.

माझं डोकं सटकलं ते सटकलंच. मी जान्हवीला जिन्याखाली गाठलं.

"खरं सांग, तुझा कोण भाऊबिऊ आहे काय नोकरीला लावायचा? तिची जागा हवीय काय तुला?"

"अंकल, काय बोलताय तुम्ही!"

"मग तुझी मशीन तिलाच कशी ओळखते? मी मोजलं की बरोबर, तिने मोजलं की चूक?"

पोरीचे डोळे भरले. पण तिने टॅबलेट उघडून माझ्यापुढे धरला. "तुम्हीच बघा अंकल. मी काही लपवत नाही. प्रत्येक बटण कधी दाबलं, सगळं आहे यात." मी बघितलं. मला त्यातलं फार कळत नाही, पण एक गोष्ट डोक्यात घुसली. ट्रक मोठा असो की टेम्पो असो, गोण एकच कमी. मी चोर बघितलेत, आमच्या गावठाणातले दोन तर माझे लांबचे नातेवाईक आहेत. इतका शिस्तीचा चोर मी बापजन्मात बघितला नव्हता. मोठ्या ट्रकमधून दोन उचलायला काय झालं होतं तिला? यात काहीतरी दुसरंच होतं, आणि ते काय हे मला कळत नव्हतं, म्हणून मी जास्तच भडकत होतो.

शनिवारी ट्रक लागला. शेट खाली आले. खुर्ची दिली तर बसले नाहीत. फरसाणवाला दुकान सोडून रस्त्याच्या कडेला. शेवंती दारात उभी, रोज दिसते त्यापेक्षा लहान दिसत होती. मी ठरवलं, हिच्या तोंडाकडे बघायचंच नाही, मला बघवणार नाही. मी जान्हवीच्या बोटाकडे बघत उभा राहिलो. लबाडी असेल तर त्या बोटात असेल, दुसरीकडे कुठे असणार?

पहिली गोण आली. शेवंतीने हात लावला, कपाळाला नेला.

"लाभ!"

बोट हललं नाही.

"दोन!"

बोट खाली गेलं. स्क्रीनवर एक.

"थांबा!" मी असा ओरडलो की हमालाने गोण तिथेच टाकली. "जान्हवी, पहिली का नाही दाबलीस?"

"पहिली कुठे अजून?" ती घाबरून म्हणाली. "मावशींनी आधी देवाचं नाव घेतलं ना. रोज घेतात. त्यानंतर मोजायला सुरुवात करतात."

"आणि नंतर दोन म्हणाली ते?"

"मी आकडा ऐकत नाही अंकल. पिशव्या भरायच्या मशिनींचा आवाज, हॉर्न, सगळे ओरडत असतात. मावशींचा आवाज आला की दाबायचं, असं सरांनी सांगितलं होतं."

अरे देवा. अरे माझ्या देवा! माप मोजताना पहिल्याला एक म्हणायचं नसतं, लाभ म्हणायचं. माझा आजोबा मरोळच्या शेतातलं भात मोजायचा तेव्हा तोही असंच म्हणायचा. शेवंतीच्या तोंडून ते इतकी वर्षं ऐकून माझ्या कानांना ऐकू येणंच बंद झालं होतं. आणि मी स्वतः आळशी माणूस, तिच्या जागी उभा राहिलो तेव्हा सरळ एक, दोन करत सुटलो. म्हणून माझे ट्रक बरोबर, तिचे चुकीचे. मुलुंडच्या पोरीला लाभ म्हणजे कोणी देवच वाटला.

आम्ही गोण्या बाहेर काढून पुन्हा पहिल्यापासून आत घेतल्या. लाभला बटण, दोनला बटण. माल पुरा भरला. जान्हवीने तिथेच उभ्या उभ्या जुन्या सगळ्या ट्रकांच्या नोंदी उघडल्या, मागच्या तारखांना कमी पडलेल्या गोण्या जागेवर चढल्या, व्यापाऱ्यांना निरोप गेले. आधी गोंधळ निस्तरायला आमचा महिना गेला असता, तिने चहा यायच्या आत संपवलं. मनात म्हटलं, मशीन हुशार आहे बाबा. कान तेवढे द्यायचे राहिले तिला.

जान्हवी शेवंतीच्या पाया पडायला वाकली. शेवंतीने तिला मध्येच धरलं. "तुझो काय दोष गो. तुका कोणी सांगल्यानच नाय."

शेट मात्र हसत सुटले होते, सुटका झाल्यासारखे. "क्या बात है! एका शब्दाचा एवढा गोंधळ! शेवंतीबाई, चावी तुमच्याकडेच. फक्त उद्यापासून साधं एक म्हणायचं. सिस्टीम म्हणजे सिस्टीम." आणि वर निघून गेले. 'माफ करा' हे दोन शब्द त्यांच्या सिस्टीममध्ये नसावेत.

शेवंती 'बरा' म्हणाली. त्या दिवसापासून ती एक म्हणते. गोणीला हात लावत नाही, कपाळाला नेत नाही. एक, दोन, तीन, चार. फरसाणवाल्यालाही ऐकू जात नाही. माल दर वेळी बरोबर भरतो, व्यापारी खूश, शेटच्या मोबाइलवर सगळं हिरवं.

पण शेट हल्ली ट्रक लागला की खाली येऊन उभे राहतात. आधी मला वाटलं, पुन्हा संशय. मग एकदा त्यांना राहवलं नाही. पहिली गोण दारात आली तेव्हा ते म्हणाले, "शेवंतीबाई, लाभ म्हणा ना तुम्ही. एक ऐकलं की बरं वाटत नाही. धंदा आहे शेवटी."

"हो मावशी, म्हणा ना," जान्हवी म्हणाली. "मी बरोबर दाबेन. प्रॉमिस."

शेवंतीने हमालाला हातानेच थांबवलं. शेटकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं.

"इतकी वर्सां कोणाचो लाभ म्हणत होतंय मी, शेटनु? माझो? तुमचोच ना? मगे चोराच्या तोंडाचो लाभ तुमका कशाक होयो?"

हमाल पाठीवर गोण घेऊन ताटकळला होता. तिने त्याला पुढे यायची खूण केली.

"एक," शेवंती म्हणाली.

जान्हवीने बटण दाबलं.