रिकामा लूप

पाणीपुरवठ्याच्या यंत्रखोलीत तिला सगळे तोंडावर मावशी म्हणत आणि पाठीमागे शंकासुरीण. घराला कुलूप लावून जिना उतरली, की परत चढून ते ओढून बघणारी बाई. नवरा सांगायचा, लग्न ठरलं तेव्हा हिनं माझे दातसुद्धा हलवून पाहिले असते, पण चारचौघं बसले होते.

पंपांचे प्रोग्रॅम एका जुन्यापुराण्या भाषेत होते. ते यंत्राच्या आज्ञांत उतरवणारा कंपायलर मावशी सांभाळायची. त्याचा शेवटचा भाग, म्हणजे प्रत्यक्ष आज्ञा लिहिणारा बॅकएंड, तिनंच ऐन उमेदीत हातानं रचलेला. आता जुनं यंत्र मोडीत निघालं. नव्यासाठी बॅकएंड पुन्हा हातानं लिहायचा, की जगभर चालणारा तयार घ्यायचा, हे तिनं ठरवायचं होतं. निवड चुकली तर शहरभर पाईप फुटणार.

शेजारच्या टेबलावर सख्खा भाचा. तो तयार बॅकएंडचे इतके गोडवे गाई, की मावशीला वाटे, ह्याचं नि साहेबांचं काहीतरी शिजतंय. मला घरी बसवायचा बेत दिसतो. त्यातून तयार बॅकएंडच्या सगळ्या चाचण्या पहिल्या फटक्यात पास झाल्या. मग तर तिचं डोकंच फिरलं. इतकं गुणी पोर कुठे असतं?

तिनं त्यातून निघालेला प्रोग्रॅम खऱ्या पंपाला जोडायला लावला. बटण दाबलं. व्हॉल्व्ह उघडायला लागतो न लागतो तोच पंप सुरू झाला आणि पाईप गदगदा हलला. तिनं झडप घालून वीज तोडली.

दोघांनी तयार झालेल्या आज्ञा उघडल्या. जुन्या लोकांची एक रीत होती: व्हॉल्व्ह उघडेपर्यंत थांबायचं, तर यंत्राला नुसतं आकडे मोजायला लावायचं. ते मोजणंच गायब होतं.

भाचा ओशाळून म्हणाला, "मावशी, तो लूप, म्हणजे मोजण्याचा फेरा, रिकामा होता. काहीच करत नव्हता, म्हणून बॅकएंडनं उडवला."

"वाट बघणं म्हणजे काहीच न करणं होय रे?"

संध्याकाळपर्यंत बसून त्यानं थांबण्याची प्रत्येक जागा हुडकली, तिथे नव्या यंत्राचं घड्याळ बसवलं आणि बदललेल्या ओळी मावशीपुढे ठेवल्या. तिनं एकेक ओळ बोट ठेवून वाचली. कट शिजवणारं पोर एवढं खपत नाही, एवढं तिलाही कळत होतं.

तिनं तयार बॅकएंडच्या बाजूनं कौल दिला.

पंप पुन्हा सुरू करायच्या वेळी मात्र ती पाईपवर तळवा टेकून उभी राहिली. पलीकडच्या पाईपवर भाच्याचा तळवा होता.

"तुला कशाला शंका?" तिनं विचारलं.

"तुमचाच भाचा ना," तो म्हणाला.